पश्चात्ताप नाही

तुरुंगातल्या समुपदेशक बाईंनी चिमाबाईला हळूच विचारलं, "मावशी, बाळासोनं बहिणीच्या नवऱ्याचा जीव घेतला, पण त्याला जरासुद्धा पश्चात्ताप नाही. काहींची घडणच तशी असते. लहानपणापासून असाच होता का?"

कळपातलं एखादं कोकरू मेलं, तरी हा पोरगा दिवसभर जेवायचा नाही. ओठांवर आलेलं चिमाबाईनं गिळलं. "व्हय बाई. पयल्यापासनं दगडच हाय त्यो."

सोलापूरहून ती घरी पोचली, तर लेक पूनम तान्ह्याला पोटाशी धरून उंबऱ्यातच रडत होती. "आई, नवऱ्याला म्या मारलं, दादानं न्हाय. मलाच जाऊ दे की तुरुंगात."

"गप. लेकराला पाज आदी," चिमाबाई म्हणाली. "आज बिरोबाचा उपास हाय माजा, आन त्याच तोंडानं पोराला दगड म्हनून आले मी."