शनिवारचा सूर

"पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतंय," गोगू म्हणाला आणि त्याने अकॉर्डियन मांडीवरून खाली ठेवला.

पेत्राकेचा गिटारवरचा हात थांबला. त्याच्यासमोर नवा कोरा अँप्लिफायर होता. जुना जळाल्यावर मुलांनी इटलीहून पाठवलेला. स्वयंपाकघरात तो झकास वाजला, पण अंगणात आणल्याबरोबर त्याचं अवसान गळालं. आणि शनिवारचं जेवण अंगणातच होतं.

"खर्ज वाढव की."

पेत्राकेने खर्ज वाढवला, तर अँप्लिफायर घुमायला लागला. कमी केला, तर तारा किंचाळायला लागल्या.

"या अंगणातच काहीतरी खोट आहे," तो चिडून म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं!" आतून त्याची बायको साफ्ता ओरडली. ती कोबीच्या पानांत खिमा भरत होती.

"त्यापेक्षा सांदूच्या पोराला बोलाव," गोगू म्हणाला. "त्याचा कीबोर्ड बटण दाबलं की वाजतो. तू आपला नवा सूट घालून ऐटीत बस."

"ते टुणटुण? माझ्या घरी? शनिवारी?" पेत्राके भडकला. "डॅन्यूबच्या या काठावर लग्न असो की बारसं, माझी गिटार ऐकल्याशिवाय पंगत उठत नाही. शनिवारी माझा सूर लागलाच पाहिजे. पुन्हा संधी नाही, लेका."

"अरे बाबा, त्या दिवशी तू वाजवायचं नसतं," साफ्ता दारात येऊन म्हणाली. "निवांत बसून जेवायचं असतं. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पेत्राकेसारखा पेत्राकेच!"

अशा माणसापुढे कोण काय बोलणार? तो शुक्रवारपर्यंत त्या खोक्याशी झटत राहिला. शेवटी त्याने अँप्लिफायर उचलून अंगणाच्याच कोपऱ्यात, तळघराच्या भिंतीलगत नेला. त्याचा आवाज चढवला, गिटारवरचा उतरवला आणि तार छेडली.

सूर भरदार आला, गोल आला. तो पेत्राकेचाच होता. साफ्ता भरल्या हातांनी बाहेर आली आणि ऐकत उभी राहिली. या हट्टी माणसाचा तिला भारी अभिमान वाटला. "ठीक आहे," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी मुलं इटलीहून आली, बापाच्या गळ्यात पडून रडली. अख्खं गाव अंगणात जमलं. साफ्ताने प्रत्येक पाहुण्याला नवी ताटली, रुमाल आणि एक मेणबत्ती दिली. नव्या सुटात पेत्राके गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याने असं काही वाजवलं की म्हातारे हातात हात घालून फेर धरून नाचले. सांदूचा पोरगासुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होता. अभिमानाने पेत्राकेच्या कोटाची बटणं ताणली गेली होती.

मग गोगू प्लमच्या दारूचा पेला घेऊन उठला. कुणी पेल्याला पेला भिडवला नाही. त्याने आधी चार थेंब मातीवर सांडले.

"देव आमच्या पेत्राकेच्या आत्म्याला शांती देवो."

"देवो," सगळं अंगण म्हणालं.

"देईल, देईल," तार पिळत पेत्राके म्हणाला. "मी खरा मेल्यावर असं वाजवणारा गावात आहे कोण? म्हणून तर आपल्याकडच्या रीतीने माझं श्राद्ध मीच जिवंतपणी घातलंय. आता गप्प बसा आणि ऐका!"