टाक्यावरचा लेख

"बाई, मुलगा जिवंत लिहू, की गेलेला?" छिन्नी हातात धरून पाथरवटाने विचारलं.

सामिका पुन्हा कड्याच्या टोकाशी गेली. सकाळपासूनची ही पाचवी खेप. दूर खाली सोपाऱ्याची खाडी चकाकत होती. सात वर्षांपूर्वी तिचा नंदक तिथूनच गलबतात चढला होता. बाकीची गलबतं परतली, त्याचं नाही. त्याला पुण्य लाभावं म्हणून तिने विहारातल्या भिक्खूंसाठी पाण्याचं टाकं खोदून घेतलं होतं.

"गेलेला लिहून घे," निघताना नवऱ्याने बजावलं होतं. पण दगडात कोरलेलं पुसता येत नाही. उद्या नंदक दारात उभा राहिला तर? आणि जिवंत लिहावं, तर समुद्राच्या तळाशी त्याला पुण्य पोचायचं कसं?

"बाई, उन्हं कलली," पाथरवट म्हणाला. "उद्या मला दुसऱ्या डोंगरावर जायचंय."

ती माघारी आली.

"लिही, नंदकाची आई सामिका हिचं दान."

"आणि मुलगा?"

"मी त्याची आई आहे. होते नाही, आहे. तेवढंच कोर."

पाथरवटाने मान डोलावली आणि छिन्नी टेकवली. सामिका तिथेच खडकावर बसली, अक्षरं उमटेपर्यंत.