साठच्या स्पीडला

"दोष गाडीत नाही अण्णा, तुमच्या पायात आहे! लावा पैज, हरेल त्यानं सोसायटीच्या गेटवर पाच उठाबशा काढायच्या," शेजारचा मुरली खिदळला.

"तीस वर्षं एसटी चालवलीय ह्या पायानं. लागली पैज!" अण्णा वैतागले. साठच्या स्पीडला त्यांची गाडी सारखी आचके द्यायची. प्लग बदलले, फिल्टर बदलला, दोन मेकॅनिक झाले. अण्णा पार थकले होते.

हायवेवर मुरलीनं गाडी चालवली. साठवर एक आचका नाही. अण्णा शेजारी बसून खाली बघत होते. त्यांचा मोकळा उजवा पाय आपोआप थरथरत होता. मुरलीनं तो पाहिला आणि गाडी सोसायटीकडे वळवली.

गेटवर सोसायटीतले सगळे जमलेलेच होते. अण्णांनी कान धरले.

"राहू द्या हो अण्णा, चेष्टा केली."

"हरलो ना? मग! आणि किल्ली आता तुझ्याकडेच ठेव," म्हणत अण्णा पहिल्या उठाबशीला खाली बसले.