खोडलेली ओळ

"थांबा!" तालमीत तिसऱ्यांदा दिवंगत संगीतकाराची मुलगी पहिल्या रांगेतून ओरडली. मांडीवर वडिलांची वही, हातात पेन्सिल आणि खोडरबर. "बाबांनी ही गाणी नाटकासाठी बांधली, तुमच्या जाझच्या कोलांटउड्यांसाठी नाही. वहीत आहे तस्संच गा, नाहीतर परवानगी विसरा." गाणारी मी, माझं डोकं फिरलं. मंचावरून उतरून मी वही उचलली. "हात लावू नका!" लावलाच होता. दुसऱ्या कडव्याशेजारचा कागद खोडून खोडून पातळ झाला होता. तिचीच पेन्सिल हिसकावून मी तिथे आडवी, हलकेच फिरवली. करड्या शिशात दबलेली अक्षरं पांढरी उमटली, तिच्या वडिलांच्याच हस्ताक्षरात: 'इथून पुढे गाणारीच्या मर्जीने.' मी ते मोठ्याने वाचलं. पियानोवाला तोंड लपवून हसला. "शेवटी शेवटी बाबांना भान नव्हतं," ती म्हणाली. वही तिच्या मांडीवर आपटून मी खोडरबराकडे बोट दाखवलं. "खोडा. आता सगळ्यांसमोर खोडा."