दोघांना वेगवेगळं विचारायचं

काकूंना स्वयंपाकघरात पाठवून सर्वेक्षणवालीनं मधलं दार ओढून घेतलं. नियमच होता तसा. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. प्रश्नही दोघांना वेगळे, एकाला जुना, एकाला नवा, आणि कुणाच्या वाट्याला कोणता हे तिच्या हातातला टॅब चिठ्ठी काढल्यासारखं ठरवायचा. कोणत्या प्रश्नाला लोक घरात नसलेली माणसंही जास्त मोजतात, एवढंच ऑफिसातल्या साहेबांना दोन उत्तरांमधल्या फरकावरून काढायचं होतं. साहेब पंख्याखाली बसून फरक काढणार आणि उन्हात उंबरे झिजवणार ही.

काकांच्या वाट्याला जुना प्रश्न आला. या घरात किती माणसं राहतात?

"दोन," काका म्हणाले. मग दाराकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "हिला विचाराल तर ती तीन सांगेल. मुलगा गेला आमचा. त्याला पंख्याशिवाय झोप लागायची नाही, थंडीतसुद्धा. ही अजून रोज रात्री उठते आणि त्याच्या खोलीतला पंखा लावून येते. मी झोपेचं सोंग घेतो. सकाळी गुपचूप बंद करतो."

लेक केव्हाची कायमचं राहायला बोलावत होती. घराला गिऱ्हाईकही आलं होतं. पण हिचा जीव त्या खोलीत अडकलाय, तिला इथून हलवायचं कसं, असं काका म्हणाले. सर्वेक्षणवालीला भरून आलं. तसं झालं तर काय करायचं, हे तिच्या नियमांत कुठे नव्हतं.

स्वयंपाकघरात काकूंना नवा प्रश्न. काल रात्री या घरात किती माणसं झोपली होती?

"दोनच की." काकू ओटा पुसत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "ह्यांना विचारलंत तर तीन म्हणतील. रोज रात्री उठून पोराच्या खोलीतला पंखा लावतात. मी आपली ऐकत पडते. माझं एकटीचं असतं ना ताई, तर केव्हाच लेकीकडे गेले असते. पण ह्यांचं मन मोडवत नाही."

सर्वेक्षणवालीचं बोट टॅबवरच राहिलं. दार उघडून दोघांना समोरासमोर बसवावं असं तिला फार वाटलं. पण एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगितलं तर नोकरीवर गदा. शिवाय तिला आता भीती वाटायला लागली होती. दोघांसमोर दोन-दोन भरून तिनं टॅब बंद केला. साहेबांच्या लेखी या घरात फरक शून्य.

ती चपला घालत होती तेव्हा दोघंही निरोप द्यायला दारात आले. काकांनी भुवया उंचावून नुसत्या खुणेनं विचारलं, तीन म्हणाली ना? त्यांच्या पाठीमागून काकूंनीही तसंच विचारलं. तिनं मान खाली घातली. दोघांनाही तेवढं उत्तर पुरलं.

तेवढ्यात आतल्या बंद खोलीत पंखा खडखडत सुरू झाला.

काका मागे वळले नाहीत. काकूही नाहीत. दोघांनी एकमेकांकडेही पाहिलं नाही, फक्त दोघंही एकदम, जरा मोठ्यानं बोलायला लागले.

"ऊन फार आहे, सावलीसावलीनं जा," काका म्हणाले.

"पुन्हा या हं," काकू म्हणाल्या. "आम्ही कुठे जातोय."