पहाटेचं तीर्थ

सुगंधाबाईनं गोळी अंगणात थुंकली आणि चुळा भरल्या.

"मेंढीच्या गळ्यातली गाठ वाळवून करतात म्हने. अन् तुमी मले सांगत व्हते, झाडपाल्याची हाये."

"कोनी सांगितलं?" शालिग्रामनं विचारलं.

"कंपाउंडर दुसऱ्या बाईले सांगत व्हता. मी काही बहिरी नाही."

शालिग्रामला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. अंड्याचं टरफलसुद्धा कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

पण गोळीआधीची सुगंधाबाई तो विसरला नव्हता. यावलच्या भर वैशाखात ती घोंगडी पांघरून बसायची. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा. एकदा केळीच्या बागेतून घरची वाटच विसरली. तेव्हा तो तिला सर्व्हिस मोटारीनं जळगावला घेऊन गेला. डॉक्टरांनी गळा चाचपला.

"ही ग्रंथी आटली आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर. चहा-दूध तासाभरानं. एकच घ्यायची, जास्त झाली तर काळजाला झेपणार नाही. आणि सोडायची नाही. सोडली की पुन्हा हेच."

गोळीनं बाई माणसात आली होती. आता ती म्हणाली, "मरेन, पन माळ बाटवनार नाही."

महिन्याभरात घोंगडी पुन्हा बाहेर निघाली.

शालिग्रामनं मग पूजा आपल्याकडे घेतली. तीर्थ घेतल्याशिवाय सुगंधाबाई पाण्याचा घोटही घेत नसे. तेच त्यानं धरलं. देव धुऊन झाले की तिच्या वाटणीचं तीर्थ तो वेगळ्या वाटीत काढी, आणि त्यात चंदनाबरोबर गोळीची पूड कालवी. पहिल्या दिवशी त्यानं आधी हात जोडले.

"पाप माह्या नावावर मांड," तो देवाला म्हणाला. "तिले यातलं काही माहीत नाही."

शेजारची तानुबाई दारातून हसली. "काय शालिगरामभाऊ, देव तुमी धुता, बायको झोपते! आता लुगडंच नेसा!"

"तुमचं द्या एखादं जुनं," तो म्हणाला.

गुण आला. सूज उतरली. शालिग्राम उठायच्या आत सुगंधाबाईचा सडा झालेला असे, विहिरीचं पाणी आलेलं असे. पौषाच्या थंडीत ती दार उघडं टाकून वारा घेत बसायची. चोळ्या सैल झाल्या. तो मनात खूश होता.

मग भाकरी थापताना तिचे हात थरथरू लागले. झोप गेली.

"छातीत लई धडधडते," ती एकदा म्हणाली.

"जळगावले जाऊन येऊ."

"अन् डॉक्टरनं इचारलं, गोळी घेता का, तं मी काय सांगू?"

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. तोही तिच्याकडे पाहत नव्हता. डॉक्टरांनी हाच प्रश्न आपल्याला विचारला तर काय सांगायचं, हे त्यालाही कळत नव्हतं. जळगाव राहिलं.

फाल्गुनात एका सकाळी तिनं ओंजळीतलं तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि तुळशीला पाणी घालताना खाली बसली. शालिग्राम पोहोचला तेव्हा तिची नाडी बोटाखाली वेड्यासारखी पळत होती. मग ती थांबली.

तेराव्याची माणसं पांगली. तानुबाई मागं राहिली.

"भाऊ, तिनं शपथ घातली व्हती, पन आता पोटात ठेववत नाही. तुमाले वाटत असंन, औषिध सोडलं म्हनून गेली. तसं नाही. गोळ्या माह्या पोरानं, मगननं, आनल्या जळगावहून. रोज पानी भरायच्या आधी ती माह्या घरी ये, माळ काढून ठेवे अन् एक गोळी कोरडीच गिळे. म्हने, त्याह्यच्यासाठी जगनं हाये, पन त्याह्यले कळू देऊ नोको, पाप एकटीलेच लागू दे. एक दिवस चुकवला नाही भाऊ तिनं, शेवटच्या सकाळीसुद्धा घेतली."