भोपळ्याचा पुरावा

"आपलं निरीक्षण अगदी योग्य आहे," यंत्राने तिसऱ्यांदा लिहिलं आणि तिसऱ्यांदा तीच चूक करून दाखवली.

त्याने कीबोर्ड पुढे ढकलला. ऑफिसात त्याला सगळे आजोबा म्हणत. वय सत्तेचाळीस, पण सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्या वयाला नावाआधी कैलासवासी लावायचं तेवढं बाकी असतं.

"काय म्हणतंय, आजोबा?" शेजारच्या टेबलावरून दाढीवाल्याने विचारलं.

"माझं बरोबर आहे म्हणतंय."

"मग बरंय की."

"बायकोही असंच म्हणते. करते मात्र स्वतःच्या मनासारखं."

दाढीवाला हसला, पण जेमतेम. कोड लिहिणारं हे यंत्र महिनाभर वापरून बघायचं आणि आजोबांनी अहवाल द्यायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. यंत्र पास झालं तर टीममधल्या दोघांना नारळ. त्यातला एक आपण, हे दाढीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

काम साधं होतं. प्रवासाचं तिकीट रद्द केलं तर किती पैसे परत द्यायचे, ते काढायचं. यंत्र चार ओळींच्या कामाला चाळीस ओळी लिहायचं, आणि त्यातही अर्ध्या वाटेत उतरलेल्या प्रवाशाला पूर्ण पैसे परत द्यायचं. दुपारी तर हमखास 'विचार चालू आहे' अशी पाटी लावून बसायचं.

"वामकुक्षी," तो साहेबांना म्हणाला. "आता रजेचा अर्ज यायचा बाकी आहे."

"आजोबा, पूर्वग्रह सोडा," साहेब म्हणाले. साहेबांनी स्वतः कोडची शेवटची ओळ लिहिली, त्याला एक जमाना झाला होता. त्यामुळे त्यांना पूर्वग्रह नव्हता.

घरी जेवताना त्याने तोच विषय काढला. रोजच काढायचा. बायको ऐकून घ्यायची. तीही एके काळी कोड लिहायची, मुलगी झाल्यावर सोडलं. सहा वर्षांनी आता कुठे तिला घरबसल्या काम मिळालं होतं, कुठल्याशा कंपनीचा मजकूर तपासायचं. मागच्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून ती बसायची. दुपारी मुलीला शाळेतून आणायला तेवढी उठायची. बाहेर काही बोलायचं नाही असा करार होता, आणि त्यानेही खोदून विचारलं नव्हतं. ती कामं करताना पुन्हा गुणगुणायला लागली होती, तेवढं त्याला पुरे होतं.

"त्याचा मुख्य दोष काय, तर ते विचारत नाही," तो म्हणाला. "माणूस असता तर आधी विचारलं असतं, अर्ध्या वाटेत उतरलेल्याचं काय करायचं म्हणून."

वाढता वाढता तिचा हात थांबला. "अर्ध्या वाटेत?"

"हो. त्याला काय कळणार. मेंदू लागतो त्याला."

"भाजी घे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यंत्राने विचारलं, 'प्रवासी अर्ध्या वाटेत उतरला तर काय करायचं?' त्याला बरं वाटायला हवं होतं. तो आणखीच चिडला. शिकतंय लेकाचं. पुढच्या आठवड्यात ओळी कमी झाल्या, चुका कमी झाल्या. खोट काढायला म्हणून तो सकाळी बसायचा आणि संध्याकाळी हात हलवत उठायचा. दाढीवाला जेवणाच्या सुट्टीत नोकरीच्या जाहिराती वाचायला लागला.

आणि मग एका सकाळी त्याला ते दिसलं. पैसे परत मिळणार नसतील तेव्हा शून्य ठेवायच्या जागेला यंत्राने नाव दिलं होतं, भोपळा.

तो खुर्चीत मागे रेलला. त्याच्या पहिल्यावहिल्या ऑफिसात शून्याला भोपळा लिहायचे. त्यानंतर इतक्या कंपन्या झाल्या, पण हे नाव त्याला कुठेच दिसलं नव्हतं. ते ऑफिस पुढे बुडालं, त्याचा कोड कुणाकुणाला विकला गेला.

"गिळलाय," तो दाढीवाल्याला म्हणाला. "आमचा जुना कोड गिळून ढेकर देतंय. याला अक्कल म्हणतात?"

त्याने यंत्रालाच विचारलं, 'भोपळा कुठून आणलास?'

'विचार चालू आहे' अशी पाटी आली. बराच वेळ राहिली. मग काहीच उत्तर न देता गेली.

अहवाल त्याने एका बैठकीत लिहिला. हे यंत्र स्वतः काही लिहीत नाही, चोरतं. पुरावा म्हणून भोपळा जोडला. ही पद्धत आपणच सुरू केलेली आहे, असंही ठासून लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. चूक त्यांना चालली असती. कोर्टकचेरी चालणार नव्हती. जेवणाच्या सुट्टीआधी करार रद्द झाला. दाढीवाल्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली, आजोबांना अख्खा पुडा.

पुडा घेऊन तो घरी आला. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बायको पलंगाच्या कडेला बसून हेडफोनची वायर गुंडाळत होती.

"आज लवकर आटोपलं?"

"आटोपलंच. उद्यापासून काम नाही म्हणाले."

तो शेजारी बसला. "मजकूर तपासण्यात असं काय चुकणार आहे माणसाचं?"

"मजकूर नव्हता रे. कोड लिहायचं यंत्र विकतात ते. त्याला जमलं नाही की मागे बसून आम्ही लिहायचो."

त्याने पुडा पलंगावर ठेवला.

"गिऱ्हाइकाने तक्रार केली," ती वायरीला गाठ मारत म्हणाली. "म्हणे भोपळा चोरीचा आहे. पहिल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसून तुला तो मीच शिकवला होता ना रे?"